परसदारचें शास्त्र : पुदिन्याचा तांबेरा

गेल्या दोन अंकांत आम्हीं ओवा व गवती चहा यांच्या कुंड्यांविषयीं चार गोष्टी सांगितल्या. त्यानंतर आमच्याकडे जीं पत्रें आलीं, त्यांत पुदिन्याविषयीं विचारणा करणारीं पत्रें सर्वांत अधिक आहेत. याचें आम्हांस मुळींच नवल वाटलें नाहीं. पुदिना ही मोठी निगर्वी वनस्पति आहे. मंडईंतून आणलेल्या जुडीचीं पानें चटणींत जातात, आणि उरलेले देठ कोणीतरी सहज कुंडींत खोंचून ठेवतो. पंधरा दिवसांत त्यांना मुळ्या फुटतात आणि दोन-तीन महिन्यांत कुंडी भरून जाते. ज्यांच्या घरीं वीतभर परसही उरलेलें नाहीं, त्यांच्या गॅलरीच्या कठड्यावरही पुदिन्याची एक कुंडी पुष्कळदां आढळते. परंतु जें फुकट मिळतें आणि आपोआप वाढतें, त्याची प्रकृति विचारण्याची आपणांस संवय नसते. झाड पार पिवळें पडून पानें गळूं लागलीं, म्हणजे मग घरांत चर्चा सुरू होते. आणि त्या चर्चेंत झाडाच्या रोगापेक्षां माणसांच्या दोषांचीच चिकित्सा अधिक होते.

आमच्यापुढें असलेल्या पत्रांपैकीं एक पत्र अशाच प्रकारचें आहे. लिहिणाऱ्या भगिनी एका मोठ्या एकत्र कुटुंबांतील धाकट्या सूनबाई आहेत. त्यांच्या पुदिन्याचें मूळ त्यांच्या माहेरच्या परसांतलें. आईनें तें लग्नाच्या वर्षीं ओल्या फडक्यांत गुंडाळून दिलें होतें. त्या माउली गेल्या वर्षीं वारल्या. यंदा दिवाळीनंतर या पुदिन्याच्या पानांवर पिवळे डाग दिसूं लागले, पानांच्या पाठीवर नारिंगी पूड धरली, आणि खालचीं पानें गळावयास लागलीं. घरांतील वडील मंडळींचें मत असें पडलें कीं, सूनबाईंचा 'नको त्या दिवसांत' कुंडीस हात लागला, म्हणून झाड बिघडलें. थोरल्या जाऊबाईंनीं कुंडी रिकामी करण्याचा सल्ला दिला, आणि दिरांनीं बाजारांतून कीटकनाशकाची एक बाटली आणून ठेवली. झाड वांचेल काय, त्याची चटणी मुलांना द्यावी काय, आणि हें खरोखरच माझ्या हातून झालें काय, असे तीन प्रश्न या भगिनींनीं विचारले आहेत. तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें देण्याचा आमचा विचार आहे. आणि तिसरा प्रश्न आम्ही पहिल्या दोहोंइतकाच महत्त्वाचा समजतों.

आपल्या वैद्यकांत औषधाच्या आधीं निदान येतें. माधवकराचा रोगविनिश्चय, ज्यास आपण माधवनिदान म्हणतों, तो ग्रंथच्या ग्रंथ केवळ रोग ओळखण्यासाठीं लिहिलेला आहे. झाडांच्या बाबतींतही आपले पूर्वज अगदींच उदासीन नव्हते. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदावर एक स्वतंत्र अध्याय लिहिला. त्यांत झाडांच्या रोगांचीं कारणें म्हणून थंडी, वारा व ऊन हीं सांगितलीं आहेत. आणि पानें पांढुरकीं पडणें, अंकुरांची वाढ खुंटणें, फांद्या सुकणें व रस गळणें हीं लक्षणें दिलीं आहेत. उपाय सांगतांना शस्त्रानें रोगट भाग काढून टाकणें हा पहिला उपाय सांगितला असून लेप व सिंचन हीं त्यानंतर आलीं आहेत. सूक्ष्मदर्शक यंत्र नसल्यामुळें बुरशीचे बीजाणु त्या काळीं कोणास दिसणें शक्य नव्हतें. तथापि 'आधीं छाटा, मग औषध' हा क्रम आजही बदललेला नाहीं. आणि लक्ष्यांत ठेवण्यासारखी गोष्ट अशी कीं, कारणांच्या त्या यादींत कोणाच्याही हाताचा स्पर्श सांगितलेला नाहीं.

पुदिन्याचें निदान करावयाचें तर सकाळच्या स्वच्छ उजेडांत कुंडी खालीं घ्यावी आणि पांच गोष्टी क्रमानें पाहाव्या. पहिली, बिघाड खालच्या जुन्या पानांपासून सुरू झाला आहे कीं वरच्या कोंवळ्या पानांपासून. दुसरी, पान उलटें केल्यावर पाठीवर काय दिसतें. पुदिन्याचे बहुतेक शत्रु पानाच्या पाठीकडेच वस्ती करतात. तिसरी, डाग बोटानें पुसला जातो कीं नाहीं, आणि बोटास कोणता रंग लागतो. चौथी, देठ मातीपाशीं घट्ट आहे कीं मऊ व काळा पडला आहे. पांचवी, बोटाचें एक पेर मातींत घातलें असतां माती कोरडी, ओलसर कीं चिखलासारखी लागते. या पांच गोष्टी पाहण्यास पांच मिनिटें पुरतात, आणि पुढील सर्व अनर्थ बहुधा टळतो.

आतां पत्रांतील रोगाकडे वळूं. वरून फिकट पिवळे ठिपके, आणि त्याच जागीं पानाच्या पाठीवर मोहरीहूनही लहान असे नारिंगी किंवा दालचिनीच्या रंगाचे फोड. बोट फिरवितांच गंजासारखी पूड बोटास लागते. हा तांबेरा होय. गव्हावरचा तांबेरा आपल्या शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. पुदिन्याचा तांबेरा त्याच कुळांतला, परंतु निराळ्या जातीच्या बुरशीमुळें होतो. शास्त्रांत तिला पक्सिनिया मेंथी असें म्हणतात, आणि पेर्सून या शास्त्रज्ञानें १८०१ सालीं तिचें वर्णन केलें आहे. या बुरशीचें रूप हंगामाबरोबर पालटतें. नव्या फुटीच्या वेळीं रोगट कोंब फिकट, सुजल्यासारखे व वांकडे येतात आणि त्यांवर नारिंगी फोड उठतात. पुढें पानांच्या पाठीवर तपकिरी पूड धरते. हीच पूड वाऱ्यानें व पाण्याच्या शिंतोड्यांनीं एका पानावरून दुसऱ्या पानावर जाते. हंगामाच्या अखेरीस तेच फोड काळसर होतात. या काळ्या फोडांतील बीजाणु जाड कवचाचे असतात, आणि प्रतिकूल काळ ते गळलेल्या पानांत, मातींत व मुळ्यांना चिकटून काढतात.

गव्हाच्या काळ्या तांबेऱ्यास आपला जीवनक्रम पुरा करण्यास बार्बेरी नांवाचें दुसरें झाड लागतें, ही गोष्ट जर्मन शास्त्रज्ञ दि बारी यानें १८६५ सालीं सिद्ध केली. आपल्या देशांत मैदानी प्रदेशाच्या उन्हाळ्यांत गव्हाचा तांबेरा टिकत नाहीं. डोंगराळ मुलखांत तग धरून तो दर वर्षीं वाऱ्याबरोबर पुन्हां खालीं उतरतो, हें आग्र्याचे प्रा. के. सी. मेहता यांनीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत दीर्घ परिश्रमांनीं दाखवून दिलें. पुदिन्याच्या तांबेऱ्याचें तसें नाहीं. त्यास दुसरें घर लागत नाहीं; त्याच्या सर्व अवस्था पुदिन्यावरच पुऱ्या होतात. यांत वाईट आहे तसें चांगलेंही आहे. वाईट हें कीं, एकदां आलेला तांबेरा त्याच कुंडींत वर्षानुवर्षें राहूं शकतो. चांगलें हें कीं, तो शेजारच्या गुलाबावर, जास्वंदीवर किंवा टोमॅटोवर जात नाहीं. मरवा मात्र पुदिन्याच्याच कुळांतील असून त्यासही हा रोग होऊं शकतो. म्हणून मरव्याची कुंडी दूर ठेवावी.

आतां हा रोग दिवाळीनंतरच कां दिसला? बीजाणु रुजण्यास पानावर कांहीं तास पाण्याचा अंश राहावा लागतो, आणि हवा फार उष्ण असून चालत नाहीं. पावसाळ्यांत पुदिना दाट वाढलेला असतो. फांदीस फांदी लागून आंतून वारा खेळत नाहीं. त्यांत कार्तिकापासून रात्रीं गारवा येतो व दंव पडतें. संध्याकाळीं झारीनें पानांवरून पाणी घालण्याची आपल्याकडे संवयच आहे. तें पाणी रात्रभर पानांवर राहतें. मग एखाद्या मंडईच्या जुडींतून किंवा रोपवाटिकेंतील नव्या कुंडींतून आलेले थोडे बीजाणुही पुरे होतात.

येथें तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर देतों. न्यायशास्त्रांत कार्यकारणभाव ठरविण्यासाठीं अन्वय व व्यतिरेक पाहावे लागतात. कारण असतां कार्य होतें हा अन्वय. कारण नसतां कार्य होत नाहीं हा व्यतिरेक. सूनबाईंच्या स्पर्शानें तांबेरा होतो असें म्हणावयाचें, तर गेल्या सर्व वर्षांत त्याच हातांनीं त्याच कुंडीस दर महिन्यास पाणी घातलें असतां रोग कां झाला नाहीं, याचें उत्तर दिलें पाहिजे. आणि ज्या शेतांत स्त्रीचा हातच लागत नाहीं, तेथील पुदिन्यावरही तांबेरा कां येतो, याचेंही दिलें पाहिजे. कावळा बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास एकच गांठ पडली, एवढ्यावरून कावळ्यास दोषी ठरविणें यास आपले शास्त्रकारच काकतालीय न्याय म्हणतात. हात या रोगास कारण होतच नाहीं असें नाहीं. रोगट पान खुडून तेंच बोट निरोगी पानास लावलें, तर पूड तेथें जाते. परंतु तो हात सासूबाईंचा असो, लहान नातवाचा असो वा आमच्यासारख्या म्हाताऱ्याचा असो, बुरशीस त्यांत भेद कळत नाहीं. आणि त्यावर उपाय साबण व पाणी एवढाच आहे.

घरांतील वडील मंडळींस आमची नम्र विनंति आहे कीं, त्यांनीं आमच्या शब्दावर विश्वास ठेवूं नये. प्रत्यक्ष प्रमाण घ्यावें. पुढें सांगितल्याप्रमाणें शुद्ध केलेली नवी कुंडी तयार झाली, म्हणजे तीन महिने तिला फक्त सूनबाईंचाच हात लागूं द्यावा, आणि महिन्यांतला एकही दिवस त्यांतून वगळूं नये. पाणी सकाळीं मातींत घालावें, पानांवर घालूं नये. पुदिना निरोगी राहिला तर शंकेस जागा उरणार नाहीं. शिवाय एक गोष्ट आम्हांस सांगावीशी वाटते. पानाच्या पाठीवरची ती बारीक पूड घरांत प्रथम कोणास दिसली? जी मुलगी आईची आठवण म्हणून ती कुंडी रोज न्याहाळीत होती, तिलाच. रोग वेळीं कळला तो तिच्यामुळें. त्याचा दोष तिच्या माथीं मारणें न्याय्य नव्हे.

आतां पहिला प्रश्न : झाड वांचेल काय? वरचें झाड ठेवण्यासारखें नाहीं, परंतु वंश वांचूं शकतो. आणि माहेरचें मूळ म्हणजे तो वंशच होय. उपाय असा. प्रथम सर्व फांद्या मातीलगत कापाव्या, गळलेलीं पानें वेंचावीं, आणि सर्व कागदांत गुंडाळून कचऱ्यांत द्यावें. ज्यांच्या घरीं अजून पाण्याचा बंब पेटतो, त्यांनीं तें बंबांत घालावें. पण खताच्या खड्ड्यांत कदापि टाकूं नये. नंतर कुंडी उपडी करून मातींतून धावणाऱ्या पांढऱ्या मुळ्या निवडाव्या. ज्या घट्ट, पांढऱ्या आणि डाग नसलेल्या असतील, त्यांचे तीन-चार डोळ्यांचे तुकडे करावे आणि नळाखालीं मातीचा कणही न राहील असे धुवावे.

त्यानंतर हे तुकडे ४४ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यांत १० मिनिटें बुडवून ठेवावे, आणि लगेच थंड पाण्यांत घालावे. इंग्लंडांतील बागवान पुदिन्याच्या तांबेऱ्यावर हाच उपाय करतात. या उष्णतेनें मुळीस चिकटलेली बुरशी मरते, परंतु मुळी जगते. पाणी तयार करण्याचें गणित सोपें आहे. उकळतें पाणी १०० अंशांचें असतें, आणि साध्या पाण्याची उष्णता २५ अंश धरूं. एक भाग उकळतें व तीन भाग साधें पाणी मिसळलें, तर १०० अधिक ७५ म्हणजे १७५. त्यास ४ नीं भागिलें असतां पावणेचव्वेचाळीस अंश येतात. तथापि भांडें स्वतः कांहीं उष्णता घेतें, आणि थंडीच्या दिवसांत नळाचें पाणी २५ अंशांहून गार असतें. म्हणून स्वयंपाकघरांतील तापमापकानें खात्री करून घ्यावी. ताप पाहण्याचें यंत्र येथें उपयोगी नाहीं. तें साधारण ४२ अंशांपुढें जात नाहीं. भांडें मोठें घ्यावें, म्हणजे पाणी लवकर निवत नाहीं. उष्णता उतरूं लागल्यास कडेनें थोडें उकळतें पाणी घालून ढवळावें. उष्णता फार वाढली तर मुळ्या शिजतात, कमी पडली तर बुरशी उरते; सबब हीं १० मिनिटें भांड्यापाशींच उभें राहावें.

मूळ आईच्या हातचें असल्यामुळें सर्व मुळ्या एकदम या परीक्षेस बसवूं नयेत. अर्ध्या मुळ्यांवर उपचार करावा, आणि उरलेल्या जुन्या कुंडींत, इतर झाडांपासून दूर, तशाच ठेवाव्या. पहिल्या तुकड्यांना कोंब फुटले, म्हणजे जुनी कुंडी निःशंकपणें रिकामी करावी. लावतांना कुंडी नवी घ्यावी, किंवा जुनी घांसून, धुऊन, कडक उन्हांत वाळवून घ्यावी. माती मात्र नवीच पाहिजे. दोन भाग माती, एक भाग चांगलें कुजलेलें शेणखत व एक भाग वाळू हें प्रमाण ठीक आहे. जुनी माती फेंकण्याचें कारण नाहीं. ती मेथीस किंवा टोमॅटोस चालेल, पुदिन्यास व मरव्यास तेवढी देऊं नये. साधारण दोन-तीन आठवड्यांत नवे कोंब दिसतात. पहिला महिनाभर रोज पानांच्या पाठी पाहाव्या. एखादें पान संशयास्पद वाटल्यास तें लगेच काढावें. झाड निकोप आहे अशी खात्री झाली, म्हणजे त्याचा एक तुकडा बहिणीकडे किंवा शेजारीं द्यावा. ज्या वनस्पतीचा वंश आपणांस प्रिय आहे, तिचीं मुळें दोन घरीं असावीं हें शहाणपणाचें.

दुसरा प्रश्न चटणीचा. वनस्पतीवरचा तांबेरा माणसास होत नाहीं. ही बुरशी जिवंत पुदिन्यावरच जगते. पूर्वीं नकळत एखादें डागाळलेलें पान पोटांत गेलें असेल, तर भिण्याचें कारण नाहीं. परंतु पूड धरलेलें पान बेचव होतें, आणि दम्याच्या माणसाच्या नाकांत कोणत्याही बुरशीची पूड जाणें इष्ट नव्हे. म्हणून अशीं पानें चटणींत घालूं नयेत. निरोगी पानें स्वच्छ पाण्यांत दोन-तीनदां धुऊन खुशाल वापरावीं.

दिरांनीं आणलेल्या बाटलीविषयीं मात्र आम्ही स्पष्ट बोलतों. कीटकनाशक हें किडीवरचें औषध. तांबेरा ही बुरशी आहे, कीड नव्हे. त्या औषधानें तांबेरा जाणार नाहीं. उलट, अशा कित्येक औषधांचा अंश पानाच्या आंत शिरतो, तो धुऊनही निघत नाहीं, आणि पुदिना तर आपण कच्चाच वाटतों. बुरशीवरचीं औषधेंही आहेत. फ्रान्सांतील बोर्डो प्रांतांत रस्त्याकडच्या द्राक्षांवर चोरांस भिवविण्यासाठीं मोरचूद व चुना यांचें निळें पाणी शिंपीत असत. त्या वेलींवर केवडा रोग पडत नाहीं, हें मिलार्दे या प्राध्यापकाच्या नजरेस १८८२ सालीं आलें, आणि १८८५ सालीं त्यानें तें मिश्रण औषध म्हणून प्रसिद्ध केलें. आपल्या कोंकणांत सुपारीवर तेंच बोर्डो मिश्रण मारतात. परंतु सुपारीच्या झाडास जें योग्य, तें चटणीच्या पानास योग्य नव्हे. शेतकऱ्यास पीक वांचविण्यासाठीं औषधाचा विचार करावा लागतो. आपलें फार तर एका कुंडीचें नुकसान होतें. तेव्हां घरच्या पुदिन्यावर विष नको. ती बाटली न उघडतां दुकानदारास परत द्यावी; तो घेत नसेल, तर मुलांच्या हातीं न लागेल अशी कुलुपांत ठेवावी, स्वयंपाकघरांत ठेवूं नये.

इतर पत्रांतून आणखी तीन रोग आमच्या ध्यानांत आले. पहिला भुरी. पानांवर पिठी भुरभुरल्यासारखा पांढरा थर येतो व तो बोटानें पुसला जातो. दाट सांवली, कोंदट जागा, उबदार दिवस व गार रात्री यांत भुरी वाढते. तांबेऱ्याप्रमाणें तिला पानावर पाणी साचावें लागत नाहीं. रोगट फांद्या छाटाव्या, झाड विरळ करावें आणि कुंडी सकाळचें तीन-चार तास ऊन मिळेल अशा जागीं न्यावी. सुरुवातीसच कळल्यास एक भाग दूध व नऊ भाग पाणी आठवड्यांतून एकदां सकाळीं उन्हांत फवारावें. ब्राझीलमध्यें भोपळ्याच्या जातीच्या झाडांवर याचे प्रयोग झाले व त्यांत भुरी आटोक्यांत आल्याचें १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. दूध घरांतलेंच असल्यामुळें भयाचें कारण नाहीं.

दुसरा रोग पानांवरील करड्या-काळ्या डागांचा. हे डाग वाटोळे किंवा वांकडेतिकडे, पुष्कळदां आंत वलयें असलेले व भोंवतीं पिवळी कड असलेले असतात. बोटानें ते पुसले जात नाहींत आणि बोटास पूडही लागत नाहीं. पावसाळ्यांत मातीचे शिंतोडे पानांवर उडाल्यानें हे वाढतात. डागी पानें काढावीं, कुंडी पागोळीखालून हलवावी, आणि मातीवर वाळलेल्या पानांचा किंवा नारळाच्या शेंडीच्या भुशाचा थर द्यावा, म्हणजे शिंतोडे उडत नाहींत.

तिसरा रोग मूळकूज. हा एकत्र कुटुंबाचा खास रोग असें आम्ही थट्टेनें म्हणतों. कुंडीची माती ओली असूनही झाड माना टाकतें. उपटून पाहिल्यास मुळ्या तपकिरी, मऊ, साल सुटणाऱ्या व दुर्गंधि असतात. कारण असें घडतें कीं, सकाळीं आजोबा पूजेनंतर तांब्याभर पाणी घालतात, दुपारीं सूनबाई भांड्यांत उरलेलें पाणी ओततात, आणि संध्याकाळीं मुलें हौसेनें झारी रिकामी करतात. झाड सुकलेलें पाहून चौथा आणखी पाणी घालतो. पाणी घालणारे हात चार, आणि माती पाहणारें बोट एकही नाहीं! घरांतील एकाच माणसाकडे पाणी सोंपवावें, कुंडीचें भोंक मोकळें आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि खालच्या ताटलींत पाणी सांचूं देऊं नये. कुजलेलें झाड वांचत नाहीं. वरचे निरोगी शेंडे चार बोटें कापून पाण्यांत ठेवावे, मुळ्या फुटल्यावर नव्या मातींत लावावे. शेतकीच्या दुकानांत मिळणारी ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी शेणखतांत मिसळून मातींत घातल्यास कूज आणणाऱ्या बुरशींस ती आळा घालते. उत्तर प्रदेशांत बाराबंकीकडे मेंथॉलसाठीं जपानी पुदिन्याची मोठी लागवड होते. तेथील शेतकऱ्यांसही या कुजीचा त्रास सोसावा लागतो, मग आपल्या कुंडीचें काय?

जें रोग नव्हे, त्यास रोग समजून औषध करणें ही चूकही पुष्कळ घडते. चैत्र-वैशाखांत पानें धुरकट होऊन त्यांवर सुईनें टोंचल्यासारखे फिकट बिंदु दिसले, तर फांदी पांढऱ्या कागदावर झटकावी. कागदावर बारीक ठिपके चालूं लागले, तर ते कोळी होत. पानांच्या पाठीवर सकाळीं जोराचें पाणी मारावें. आठवडाभर हें केल्यास ते बहुतेक निघून जातात. पानें चिकट होऊन काळी काजळी धरली, तर मावा किंवा पांढरी माशी शोधावी. काजळी त्यांच्या चिकट्यावर वाढते. खालचीं पानें एकसारखीं पिवळीं पडून वरचीं लहान येत असतील, आणि पाठीवर कांहींच नसेल, तर झाड उपाशी आहे. त्यास मूठभर कुजलेलें खत द्यावें. कुंडीच्या मध्यें झाड विरळ व कडेनें दाट होत असेल, तर मुळ्यांना जागा उरलेली नाहीं. अशा कुंडीची वर्षांतून एकदां वांटणी करून नव्या मातींत लावणी करावी. एकत्र कुटुंबास वांटणीचा शब्द कटु वाटतो खरा; परंतु पुदिन्यास ती मानवते.

सरतेशेवटीं वर्षाचा क्रम सांगून हा लेख पुरा करतों. ज्येष्ठांत, पाऊस लागण्यापूर्वीं, झाड विरळ करावें. श्रावण-भाद्रपदांत कुंडी पागोळीपासून दूर ठेवावी. आश्विनांत जुन्या फांद्या मातीलगत कापाव्या, मुळ्या तपासाव्या आणि माती बदलावी. मुळ्यांचा उष्णोदक उपचार करावयाचा झाल्यास हाच काळ उत्तम, पण रोग आधींच दिसल्यास पुढच्या आश्विनाची वाट पाहूं नये. कार्तिकापासून माघापर्यंत दर आठवड्यास पानांच्या पाठी पाहाव्या. वैशाखांत दुपारच्या उन्हापासून आडोसा द्यावा. मंडईंतून आणलेले देठ किंवा दुसऱ्याकडून आलेलें रोप तीन आठवडे निराळें ठेवावें, मग जुन्या कुंडीशेजारीं न्यावें. पाणी सकाळीं, मातींत, आणि बोटानें माती पाहूनच द्यावें. एवढें केल्यास कडू औषधाची बाटली घरांत आणावी लागणार नाहीं, आणि कोणास कटु शब्द ऐकण्याचाही प्रसंग येणार नाहीं.

पुढील अंकीं कढीलिंबाचीं पानें कां वळतात व कां गळतात, याविषयीं लिहूं. ज्यांच्या परसांत कढीलिंब असेल, त्यांनीं तोंपर्यंत त्याच्या पानांच्याही पाठी पाहून ठेवाव्या.